सख्ख्या भावाची हरकत

माझ्या नोकरीला माझ्या सख्ख्या भावाची हरकत होती, आणि त्या हरकतीच्या सुनावणीला आम्ही दोघं एकाच एस.टी.नं जात असू.

दादा आदल्या दिवशी संध्याकाळी वडनेर भोलजीहून मलकापूरला आमच्या घरी यायचा. माय त्याला वाढायची, त्याच्या पोरांची खुशाली विचारायची. कचेरीचं नाव कोणी काढत नसे. सकाळी ती एकाच फडक्यात दोघांच्या भाकरी बांधून द्यायची, वर ठेच्याची पुडी आणि दोन कांदे. मला घाटात मळमळायचं, म्हणून दादा गाडीत आधी चढून खिडकीची जागा धरायचा. राजूरचा घाट सुरू झाला की खिशातून लिंबू काढून माझ्या हातावर ठेवायचा. बुलडाण्याला उतरलो की स्टँडसमोर आम्ही चहा घ्यायचो. कचेरीच्या फाटकापर्यंत सोबत चालायचो. फाटक आलं की त्याची चाल मंदावायची आणि तो मागं राहायचा. तिथून पुढं मी अर्जदार होते आणि तो हरकतदार.

असं किती वर्षं चाललं ते मोजायचा मला कंटाळा आहे. त्या दिवसांचं काहीही आठवायचं म्हटलं की आधी थकवा येतो, मग आठवण येते.

बाबा रस्त्याच्या गँगचे मुकादम होते. मलकापूरहून मोताळ्याकडे आणि पुढं घाटापर्यंत जो रस्ता जातो त्यावर त्यांची माणसं खडी पसरायची, खड्डे बुजवायची, पावसाळ्याआधी नाल्या मोकळ्या करायची. डोक्यावर खाकी टोपी, हातात हजेरीचा कागद, पायात टायरची चप्पल. बोलणं कमी. माणसांना शिव्या देत नसत, म्हणून गँगवरच्या बाया त्यांना मान देत. मोठ्या दुष्काळाच्या साली सगळा जिल्हा खडी फोडायला बसला होता, तेव्हा बाबांच्या हजेरीवर शेतकरी होते, पाटलांच्या घरची माणसं होती, कोणी कोणाकडे पाहत नसे. त्यानंतरच्या एका मे महिन्यात डांबराचं काम चालू असताना बाबांना ऊन लागलं. डांबराची भट्टी एकीकडे आणि वरून ते ऊन. खात्याच्या ट्रकमधून त्यांना घरी आणलं तेव्हा ते बोलत होते, पण आमच्याशी नाही; कोणाला तरी पाण्याची टाकी पुढं घ्यायला सांगत होते. संध्याकाळच्या आत गेले. अग्नी दादानं दिला.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याचं लग्न झालं होतं आणि तो सासुरवाडीला, वडनेरला, राहत होता. सासऱ्याला मुलगा नव्हता, वावर कसायला माणूस पाहिजे होता. हंगामात मलकापूरच्या जिनवर कापसाचं कामही करायचा. मी त्या वर्षी मॅट्रिक झाले होते. आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेली मी पहिलीच मुलगी, आणि त्याचं बाबांना फार कौतुक. ते बोलून दाखवत नसत, फक्त कोणी घरी आलं की मला काहीतरी वाचून दाखवायला सांगत. मग ते साबणाचं वेष्टन का असेना.

तेरवीच्या दिवशी गँगचे कारकून आले होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पंगती उठल्यावर ते मायजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, माणूस नोकरीत असताना गेला, तर घरच्या एकाले घ्यायचा नियम निघाला हाये. एकालेच बरं. आतापासून अर्ज टाका. कोणाचं नाव लिहू?"

माय पाटावर बसली होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"पोरीचं लिहा."

दादा अंगणात मांडवाचे बांबू सोडत होता. त्याला ऐकू गेलं असणार, कारण दोरी सोडायची तशीच ठेवून तो दारात आला.

"मी मेलो काय, माय?"

"असं बोलू नाय आजच्या दिवशी."

"मंग? घरातला मोठा मी. अग्नी म्या देला. आन् नोकरी हिले? ही उद्या लोकाच्या घरी जाईन."

काका गडबडले. "अरे बाप्पा, आजच नाही काही. तुम्ही मायलेकं बसा, ठरवा." असं म्हणून ते टोपी घालून निघालेच.

मायनं काही ठरवायला बसवलं नाही. चार दिवसांनी तिनं मला काकांकडे पाठवलं आणि अर्जावर अंगठा देऊन मोकळी झाली. मी तिला विचारलं होतं, चुलीपाशी, दादा परत गेल्यावर. "दादाले काऊन नाही?"

"त्याले देली तर नोकरी वडनेरले जाईन," ती म्हणाली. "त्याच्या सासऱ्याच्या घरी. मी इथं कोणाच्या तोंडाकडे पाहू? तुले देली तर निदान लग्नापावतर घरात राहीन."

"आन् लग्न झाल्यावर?"

"तवाचं तवा पाहू."

तिचा सगळा हिशेब एवढाच होता. त्यात माझ्या मॅट्रिकचा काही संबंध नव्हता, हे मला तेव्हा थोडं लागलं. आता वाटतं, नुकतीच विधवा झालेली बाई याहून पुढचं काय पाहणार.

महिन्याभरानं कचेरीचा कागद आला. मोठ्या मुलानं हरकत घेतली आहे, सबब वारसांनी सुनावणीस हजर राहावं. दादानं स्टँडजवळच्या अर्ज लिहून देणाऱ्याकडून तो अर्ज लिहवून घेतला होता. कागदासोबत त्याची नक्कल होती. तीत लिहिलं होतं की अर्जदार मुलगी लग्नानंतर परघरची होणार असून, आईचा सांभाळ मोठा मुलगाच करणार आहे. मी तो कागद मायला वाचून दाखवला. "सांभाळ करणार" या शब्दांवर ती नुसती हुं म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

पहिला साहेब चांगला होता. वयस्कर, मऊ बोलणारा. त्यानं आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाला, "अरे, सख्खे भाऊबहीण तुम्ही. घरी जाऊन ठरवा आणि एक नाव घेऊन या. मी आज सही करतो." आम्ही दोघांनी माना हलवल्या. घरी येऊन काही ठरलं नाही. पुढच्या तारखेला गेलो तर साहेबाची बदली झालेली. दुसरा आला त्यानं सगळं पहिल्यापासून विचारलं. मृत्यूचा दाखला पुन्हा आणा, वारसांचं प्रतिज्ञापत्र पुन्हा करा, मुलगी अविवाहित असल्याचा तलाठ्याचा दाखला आणा. तो दाखला जुना झाला की नवा लागायचा. म्हणजे दर थोड्या महिन्यांनी मी तलाठ्यासमोर उभी राहून सांगायची की माझं अजून लग्न झालेलं नाही. तलाठी भला होता, पण त्याच्याजवळ नेहमी चार माणसं बसलेली असायची.

कारण नियमात शब्द होता, अविवाहित मुलगी. लग्न झालं की हक्क संपला. मग दादाला हरकत घ्यायचीसुद्धा गरज नव्हती.

त्या काळात मी लोकांचे ब्लाउज शिवायचे, सकाळी गल्लीतल्या बालवाडीत जायचे. भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "लागली काय वं नोकरी?" आधी मी सविस्तर सांगायचे. नंतर नुसतं "नाही अजून" म्हणायचे. शेवटी शेवटी मी पाण्यालासुद्धा अशा वेळी जायचे की कोणी भेटू नये.

मग एका दिवाळीनंतर दादा स्थळ घेऊन आला.

मुलगा नांदुऱ्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होता. दादाच्या सासऱ्यांच्या ओळखीतला. घरचं थोडं वावर, मागण्या काही नाहीत. दादा सांगत होता आणि माय त्याच्याकडे बघत होती. त्याचं बोलणं संपल्यावर म्हणाली, "बहिणीचं लग्न लावून देऊन राह्यला, का नोकरी काढून घेऊन राह्यला?"

दादाच्या हातात पाण्याचा गडवा होता. तो त्यानं खाली ठेवला. "माय, बहिणीचं लग्न पाहणं बी आता कपट झालं काय? तू सांग, पोरगा वाईट असन तर मी आत्ता नाही म्हणून येतो."

मायनं गडवा उचलून आत नेला. त्याच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. पुष्कळ वेळा मी दोन्ही बाजूंनी विचार केला. बहिणीचं वय वाढत चाललंय ही काळजी त्याला खरंच होती, आणि लग्न झालं तर आपला रस्ता मोकळा होतो हेही त्याला दिसत असणारच. दोन्ही एकाच माणसाच्या मनात राहू शकतं. त्याचं त्याला तरी वेगळं करून सांगता आलं असतं का, कोण जाणे.

मास्तर पाहायला आले. सोबत त्यांचे वडील आणि एक चुलते. मास्तर बोलताना पहिल्या शब्दाला अडखळायचे. अडखळले की घाबरेघुबरे होत नसत. शांतपणे थांबून त्या शब्दाची वाट पाहत, आणि शब्द आला की पुढचं सगळं सरळ बोलत. ते मला फार आवडलं. त्यांनी मला विचारलं, "क... कचेरीत काम करायचं भेव नाही वाटत?"

मी म्हटलं, "काम अजून कुठं भेटलं?"

ते हसले. त्यांचे वडील हसले नाहीत. त्यांनी दादाला विचारलं की नोकरीचा निकाल कधी लागेल. दादा म्हणाला, त्याचं काही सांगता येत नाही. मग ते मायला म्हणाले, "हे पाहा बाई, आम्हाले नोकरीवाली सून चालते, बिननोकरीची बी चालते. पण लटकलेलं नको. काय ते ठरवा."

ते गेल्यावर माय पहिल्यांदाच मला म्हणाली, "तुह्या मनात काय हाये?"

माझ्या मनात होतं की लग्न करावं आणि हे सगळं संपवावं. पण मी लग्न केलं की नोकरी वडनेरला जाणार, आणि माय घरात एकटी राहणार. दादाचे सासरे तिला घरात घेणार नाहीत हे दादालासुद्धा माहीत होतं, फक्त अर्जात ते लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "त्याह्यले थांबायले सांग. पुढच्या तारखेले निकाल लागन."

मास्तरांकडचे वैशाखातल्या आखाजीपर्यंत थांबले. पुढच्या तारखेला साहेब दौऱ्यावर होते. त्यानंतरच्या तारखेला फाइल वर गेली होती. लग्नसराई संपत आली तेव्हा पुढच्या एका सुनावणीला जाताना मोताळा मागं टाकल्यावर दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मास्तरचं जमलं. जळगाव जामोदकडची पोरगी हाये."

"बरं झालं," मी म्हटलं.

घाट लागला. त्यानं खिशात हात घातला, मग तसाच बाहेर काढला. त्या दिवशी तो लिंबू आणायला विसरला होता.

तिसरा साहेब तरुण होता आणि आमच्यासारखाच कंटाळलेला. टेबलावर फाइली, खिडकीत फाइली. त्यानं आमची फाइल उघडली, उलटसुलट पाहिली आणि बंद केली. "मी भांडणं मिटवायला बसलेलो नाही," तो म्हणाला. "पुढच्या तारखेपर्यंत घरातून एकच नाव आलं नाही, तर मी हा प्रस्ताव निकाली काढणार. मग कोणालाच नाही. कळलं?"

"कळलं, साहेब," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

परत येताना घाटात गाडी पंक्चर झाली. कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं. दुपार कलली होती. लोक सागाच्या सावलीला पांगले. मी आणि दादा रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर बसलो. खाली लांबवर मोकळं रान दिसत होतं, पलीकडे कुठंतरी मलकापूर. दादा कठड्यावरून हात फिरवत होता. मग म्हणाला, "हा म्या बांधला."

"काय?"

"हा कठडा. बाबाच्या हाताखाली. दगड खालून डोक्यावर वाह्यले. तू तवा पहिलीत-दुसरीत होतीस."

मला दादा गँगवर जायचा एवढं माहीत होतं. पण माझ्या आठवणीत तो मोठाच होता, कामावर जाणारा पुरुष. तो तेव्हा केवढा असेल याचा मी कधी विचार केला नव्हता.

"सातवीत नापास झालो," तो सांगू लागला. "गुरुजी म्हणे, पुन्हा बसवा, पोरगा वाईट नाही. बाबा म्हणे, नाही, आता कामावर चाल. घरात दोघांच्या फिया होत नाहीत. मले संगं घेतलं. तू शाळेत गेली, मी घमेलं घेऊन इथं आलो. मले त्याचं काही नाही. तू हुशार होतीस. पण बाई, बाबाची नोकरी म्हंजे कोणती नोकरी? हीच ना? या रस्त्याची? ती म्या त्याच्यासंगं केली. रोजंदारीवर. कागदावर नाही एवढंच. अन् आता म्हंतेत, ती पोरीची."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला भांडायचंही नव्हतं. इतकी वर्षं सोबत येऊन-जाऊन तो हे पहिल्यांदाच बोलत होता.

"मंग हे साहेबाले काऊन नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"काय सांगू? दगड वाह्यले म्हणून सांगू? साहेब विचारन, शिक्षण किती."

कंडक्टरनं हाक मारली. आम्ही गाडीत जाऊन बसलो.

घरी पोचल्यावर मी मायला सांगितलं की पुढच्या तारखेला दादाचं नाव द्यायचं. ती भांडी घासत होती. राखेचा हात तसाच ठेवून तिनं मला विचारलं, "आन् मी?"

"तुले मी सांभाळीन. शिवणकाम हाये. बालवाडी हाये."

"आन् तुहं लग्न झाल्यावर?"

मी घासलेली भांडी विसळू लागले. तिनं पुन्हा घासायला घेतलं. मग म्हणाली, "तुह्या मनानं कर. मी दमली आता. त्याचं लिहा, तुहं लिहा, नाहीतर कोणाचंच लिहू नका. जाता जाता तुहा बाप हे एक लावून गेला मांगं."

पुढच्या तारखेला आम्ही तिघं गेलो. दादानं नवा सदरा घातला होता, दाढी केली होती. गाडीत तो मायशी बोलत होता, तिला पूल दाखवत होता, कोणता बाबांनी केला आणि कोणता त्यांच्या आधीचा. तो इतका बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. नोकरी लागल्यावर मायला महिन्यातून दोनदा भेटायला येईन, पगारातून तिला देईन, असंही म्हणाला. माय ऐकत होती. मला वाटलं, बरं केलं आपण. आतून हलकं वाटत होतं.

साहेबांनी नाव ऐकलं आणि समाधानानं कारकुनाला फाइल लिहायला दिली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं कारकुनानं दादाला आत बोलावलं. मग आम्हालाही.

"याचं वय बसत नाही," कारकून म्हणाला. "अर्ज केला तेव्हा बसत होतं. आता अट ओलांडली."

माय पुढं झाली. "साहेब, त्याचं वय एवढं नाही. शाळंत घालताना गुरुजीनं अंदाजानं लिवलं. तो तर..." तो फार पाऊस पडलेल्या साली झाल्याचं ती सांगू लागली, तेव्हाच व्यालेल्या बाजूच्या म्हशीचं, कोण्या बाईच्या बाळंतपणाचं सांगू लागली. कारकून ऐकून घेत होता. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "मावशी, शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच मला धरावं लागतं."

साहेबांकडे गेलो. त्यांनी डोळे चोळले. "सवलतीसाठी मुंबईला लिहिता येईल. वर्ष जाईल, दोन जातील. मिळेल याची खात्री नाही. आणि तोपर्यंत या मुलीचं लग्न झालं, तर तिचाही हक्क जाईल." मग ते दादाला म्हणाले, "तुम्हीच सांगा. लिहू?"

दादा टेबलासमोर उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मायकडे. नव्या सदऱ्याची बाही ओढून सरळ केली.

"नको साहेब. हिलेच द्या. माही हरकत नाही."

"हे लिहून द्यावं लागेल."

"देतो."

कारकुनानं मजकूर सांगितला आणि दादानं तो स्वतःच्या हातानं लिहिला. फार वेळ लागला. 'हरकत' लिहिताना तो थांबला आणि मला विचारलं, "पयला ह का?" मी म्हटलं, "हो." लिहून झाल्यावर त्यानं खाली सही केली आणि पेन कारकुनाच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

मला त्या वेळी आनंद झाला नाही, दुःखही नाही. लांबच्या प्रवासानंतर गाडीतून उतरल्यावर पाय जसे जड असतात, तेवढंच जाणवत होतं. बाहेर आल्यावर माय पायरीवरच बसली. दादा म्हणाला, "थांब, चहा आणतो." तो गेला आणि फार उशिरानं आला. चहा गार झालेला होता. आम्ही तो प्यायलो.

माझा हुकूम पावसाळ्यानंतर आला. बुलडाण्यालाच कारकुनाची जागा. दादा माझी पेटी आणि अंथरूण घेऊन सोबत आला, भाड्याची खोली पाहून दिली, दाराला कडी नव्हती ती बसवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. पुढं माय माझ्याजवळ आली. कचेरीत आम्ही दोघीच बाया होतो. दुसरी विधवा होती, नवऱ्याच्या जागेवर आलेली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही खिडकीजवळ डबा उघडायचो. एकमेकींना कधी विचारलं नाही की तुझ्या वेळी घरात कोण कोण भांडलं.

मलकापूरच्या गल्लीत मात्र निकाल वेगळाच लागला होता. भावाच्या तोंडचा घास बहिणीनं पळवला, असं लोक म्हणायचे. मी सुरुवातीला खरं काय ते सांगायला जायचे. पण खरं सांगायला फार वेळ लागायचा आणि ऐकणाऱ्याला तेवढा वेळ नसायचा. मग मी सोडून दिलं.

मी लग्न उशिरा केलं, लोकांनी विचारायचं बंद केल्यानंतर. देऊळघाटचे होते. त्यांची पहिली बायको गेली होती, एक मुलगी होती, थोडा भाजीपाल्याचा मळा होता. शांत माणूस. मुलीनं मला लवकर आई म्हटलं, हे माझं नशीब. लग्नाचं सगळं दादानं केलं. वहिनी आली नाही.

वहिनीनं माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. भाऊबीजेला मी वडनेरला जायचे. ती ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत जायची. भांडण नाही, टोमणा नाही. मला तिचा राग येत नसे. तिच्या नवऱ्याला सरकारी नोकरी लागणार, या आशेवर तिनं कितीतरी वर्षं काढली होती, आणि नोकरी लागली असती तर तिच्या वडिलांसमोर नवऱ्याची मान थोडी वर राहिली असती. दादा शेवटपर्यंत सासऱ्याच्या वावरात आणि जिनवर राबला. मी दर दिवाळीला काही ना काही न्यायचे. तो घ्यायचा, पण मी परत निघाले की तेवढ्याच वजनाचं काहीतरी माझ्या पिशवीत घालायचा. तूर, मूग, कधी नुसत्या वाळवलेल्या मिरच्या.

माय माझ्याच घरी वारली. शेवटच्या वर्षी ती पुष्कळ विसरायला लागली होती, पण मी कचेरीतून आले की विचारायची, "आज गेलतो काय आपण घाटावर? काय म्हणला साहेब?" मी म्हणायचे, "झालं माय. मिटलं सगळं." "कोणाचं नाव लिवलं?" ती विचारायची. मी म्हणायचे, "दोघाचंही लिवलं." ती मान हलवायची आणि कूस बदलायची.

माझी नोकरी थोडी उरली होती तेव्हा वहिनीला डोळ्याच्या ऑपरेशनला बुलडाण्याला आणावं लागलं. दादा सोबत. चार-पाच दिवस ते आमच्याकडे राहिले. मी सकाळी सगळं करून कचेरीत जायचे, आले की वहिनीच्या डोळ्यात औषध घालायचे. ती मान मागं टाकून बसायची, एका डोळ्यावर पट्टी, हात मांडीवर. दादा ओट्यावर माझ्या यजमानांशी कांद्याच्या रोपांबद्दल बोलत असायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी आले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होती. तिला उठायचं नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तिनं गॅस कसाबसा पेटवून कढई ठेवली होती, वांगी चिरून ठेवली होती. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही काऊन उठल्या?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही दमून येता."

मी पिशवी खाली ठेवली. हात धुतले. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच काही बोलली होती. तीच पुढं म्हणाली, "बरी हाये ना नोकरी?"

"बरी हाये. आता थोडीच राह्यली."

"पेन्शन भेटन?"

"भेटन."

"मंग झालं," ती म्हणाली. कढईतलं तेल तापलं होतं. तिनं हातानं चाचपत फळीवरचे डबे पाहिले आणि विचारलं, "मीठ कोणत्या डब्यात हाये?"